उलट्या गणिताला लगाम

सीटी स्कॅनमध्ये मोजले जाते ते एवढेच, की क्ष-किरण शरीरातून जाताना किती क्षीण झाले. आतले चित्र त्यावरून उलट्या गणिताने काढावे लागते. फ्रेंच गणिती जाक आदामार यांच्या मते सुस्थित प्रश्नाला उत्तर असावे, ते एकच असावे आणि मोजमाप किंचित बदलले तर उत्तरही किंचितच बदलावे. असे उलटे प्रश्न बहुधा तिसऱ्या अटीवर अडतात. मोजणीतली बारीक चूक उत्तरात अवाढव्य होते.

सोव्हिएत गणिती आंद्रेई तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये यावर उपाय मांडला. मोजमापांशी असलेली तफावत आणि उत्तराच्या बेलगामपणाबद्दलचा दंड, या दोन्हींची बेरीज कमीत कमी करायची. दंड फार हलका ठेवला तर चुका फुगतात, फार जड ठेवला तर खरे बारकावेही पुसले जातात. म्हणून एक नियम असा, की तफावत मोजणीतल्या अपेक्षित चुकीइतकी राहू द्यावी. त्याहून तंतोतंत जुळवणे म्हणजे चुकांनाच खरे मानणे.