उतरलेले भाव, आटलेली मागणी

शेअरचा भाव निम्म्यावर आला की तो स्वस्त झाला, असे मानण्याचा मोह मोठा असतो. अमेरिकेत १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोहोचलेला नॅस्डॅक निर्देशांक घसरू लागला, तेव्हा गुंतवणूकदारांत हाच वाद माजला. ही खरेदीची संधी आहे, असे एक पक्ष म्हणे. यंत्रे घेणार कोण, असे दुसरा विचारी. दुसऱ्याचा प्रश्न बिनतोड होता. संगणक व दूरसंचार सामग्रीची गिऱ्हाईके असलेल्या अनेक नव्या कंपन्या भांडवल बाजाराच्याच पैशावर उभ्या होत्या. भाव कोसळताच तो पैसा आटला आणि त्याबरोबर मागणीही. २००१ मध्ये सिस्को कंपनीला दोन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचा साठा हिशेबातून वजा करावा लागला. ऑक्टोबर २००२ मध्ये निर्देशांक १,११४ पर्यंत खाली आला. जुनी पातळी पुन्हा गाठण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

संगणकाची उपयुक्तता कोणीच नाकारली नव्हती. परंतु उपयुक्त वस्तू बनविणाऱ्या कंपनीचा शेअरही अवाजवी भावाने घेतला, तर म्हातारपणाची पुंजी बुडू शकते. म्हणून भाव किती उतरला हे पाहण्याआधी सामान्य गुंतवणूकदाराने मालाचे गिऱ्हाईक कोण आणि त्याच्याकडे पैसा येतो कोठून, हे विचारले पाहिजे.