गिझरचा 'टक्' कुठे गेला?

दोस्तांनो, डिसेंबरातली जालन्याची थंडी म्हणजे काय, ते सकाळच्या शाळेत जाणाऱ्यांना विचारा! अशाच एका सकाळी माझी भाची न्हाणीघरातून धावत बाहेर आली. "मामा, गिझरमधून भात शिजल्यासारखा खदखद आवाज येतोय!"

मी जाऊन पाहिलं. तास उलटून गेला तरी लाल दिवा पेटलेलाच. टाकीखालच्या व्हॉल्व्हमधून कढत पाणी ठिबकत होतं. भिंतीवरचं बटण बंद केलं, तरी दिवा विझेना! बटणही आतून चिकटलं होतं. शेवटी कोरड्या हातांनी बोर्डावरचा मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठे दिवा विझला.

आजी म्हणाली, "आमचा तांब्याचा बंब बरा होता. गोवऱ्या संपल्या की आपोआप गार! तुमच्या ह्या डब्याला थांबायचं कोण सांगतं?"

आजीचा प्रश्न अगदी नेमका होता. बंबातलं सरपण कधीतरी संपतं, पण वीज संपत नाही. म्हणून गिझरला 'आता पुरे' असं सांगणारा कुणीतरी आत बसवावाच लागतो. त्याचं नाव थर्मोस्टॅट.

तो हे कसं ओळखतो? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलं आहे का? लोहार आधी धाव लालबुंद तापवतो. तापली की ती फुगते आणि लाकडी चाकावर बसते. वर पाणी ओतलं की आकसून घट्ट आवळते. थर्मोस्टॅटमध्येही हेच तत्त्व आहे. अनेक गिझरमध्ये एक पितळी नळी असते आणि तिच्या आत 'इन्व्हार' नावाच्या मिश्रधातूची कांडी. इन्व्हार म्हणजे लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल. तो तापला तरी जवळजवळ वाढतच नाही. शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने १८९६ साली त्याचा शोध लावला. निकेलच्या मिश्रधातूंवरच्या या कामासाठी त्याला १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पाणी तापलं की पितळी नळी लांबते, कांडी मात्र तेवढीच राहते. नळीच्या टोकाला जोडलेली कांडी खाली खेचली जाते आणि वरचा छोटा स्विच 'टक्' करून उघडतो. किती लांबते ठाऊक आहे? २० सेंटिमीटरची नळी ४० अंशांनी तापली, तर जेमतेम ०.१५ मिलिमीटर! एवढ्याशा हालचालीवर घराची सुरक्षितता अवलंबून असते.

मग आमचा 'टक्' कुठे गेला? इलेक्ट्रिशियन काकांनी झाकण उघडून दाखवलं. स्विच दर वेळी उघडताना बारीकशी ठिणगी उडते. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन आतले दोन ठिपके वितळून एकमेकांना चिकटले होते. शिवाय नळाला पाणी नसलं की आम्ही टाकीत बोअरचं पाणी चढवतो. त्या जड पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर आत जमला होता. असा थर बसला की थर्मोस्टॅटला उष्णता उशिरा कळते.

पण खरा धक्का पुढेच होता. थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा 'कटआउट' असतो. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी तो काढून तारा सरळ जोडून टाकल्या होत्या! काका म्हणाले, "तो व्हॉल्व्ह ठिबकत होता म्हणून वाचलात." पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. बंद टाकीत तिला वाट मिळाली नाही, तर टाकीच फुटू शकते.

म्हणून लक्षात ठेवा. गिझर खदखदू लागला, नळातून वाफ आली किंवा दिवा विझेना, तर नळ उघडायचा नाही आणि गिझरला हात लावायचा नाही. लगेच मोठ्यांना हाक मारा. त्यांनी कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करावा आणि गिझर पूर्ण गार होऊ द्यावा. ठिबकणारा व्हॉल्व्ह कुणीही बंद करू नये. झाकण फक्त जाणकारानेच उघडावं. आणि आई-बाबांनो, दुरुस्तीनंतर 'कटआउट जागेवर आहे ना?' हे विचारायला विसरू नका.

आता एक गृहपाठ! १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या गिझरला साधारण २१ मिनिटं लागतात. उद्या सकाळी मोठ्यांना गिझर लावायला सांगा आणि दाराबाहेर घड्याळ घेऊन बसा. तुमच्या घरचा दिवा किती मिनिटांनी विझतो? रोज नोंद ठेवा. वेळ वाढू लागली, तर घरात सर्वांत आधी तुम्हालाच कळेल.

आमच्या घरी हे काम भाचीकडे आहे. आणि 'टक्' ऐकू आला की आजी स्वयंपाकघरातून म्हणते, "थांबला गं बाई!"