मत्स्यजिरे, गळ्यातली ग्रंथी आणि बाटलीतले औषध

मृग नक्षत्र लागले की आमच्या नांदेडच्या दुकानात मच्छरदाणीच्या जाळीला मागणी येते. गिऱ्हाईक ती पलंगासाठी नव्हे, हाप्यासाठी नेते. हापा म्हणजे पाण्यात चार खांबांना बांधलेली जाळीची पेटी. कटला, रोहू, मृगळ यांची अंडी आणि जिऱ्याएवढी पिल्ले तिच्यात सांभाळतात. कापडाच्या निमित्ताने आम्हाला या धंद्याची थोडीफार माहिती झाली. अलीकडे हीच मंडळी दुकानात बसून विचारतात, “सेठ, वाढीचे औषध मिळते म्हणे. पाण्यात टाकले की पंधरा दिवसांत बोटुकली तयार. घ्यावे का?”

औषधाचे नाव विचारले तर कोणी ‘हार्मोन’ म्हणतो, कोणी ‘थायरॉइडची पावडर’. लातूरकडच्या व्यापारी मित्रांकडूनही आम्ही हेच ऐकले. यात पैसा घालण्याआधी ही चीज काय आहे, हे आपल्या बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

पहिला घोटाळा नावाचाच आहे. हॅचरीत मादीला इंजेक्शन देतात, तेही हार्मोनच. पण त्याचे काम वेगळे. पूर्वी गंगेच्या पुरात धरलेले जिरे कलकत्त्याहून रेल्वेने देशभर जात असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातींच्या मासळीकडून अंडी घालून घेतली. आज तळ्यातळ्यांत जे बीज पडते ते त्या दिवसाची देणगी आहे. पण ते इंजेक्शन अंडी सोडण्यासाठी आहे. पिल्लाच्या वाढीशी त्याचा संबंध नाही.

थायरॉइडची गोष्ट निराळी. माणसाच्या गळ्यात ही ग्रंथी एका जागी असते. बहुतेक माशांत ती गळ्याखालच्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती दाण्यादाण्यांनी विखुरलेली असते. ती आयोडीनपासून थायरॉक्सिन बनवते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. आतडे, यकृत वगैरे ठिकाणी त्यातला एक अणू निघतो आणि तीन अणूंचा माल उरतो. खरे काम तोच करतो. आपल्या भाषेत सांगायचे तर थायरॉक्सिन ही हुंडी आहे. ती वटली की रोकड हाती येते.

आता जिऱ्याकडे पाहा. अंड्यातून निघाले तेव्हा त्याचे तोंडही धड उघडलेले नसते. आतडे म्हणजे एक सरळ नळी. पोटाखाली पिवळ्या बलकाची थैली, तिच्यावर सुमारे तीन दिवस गुजराण. पिल्लाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत लागणारा हार्मोन या बलकातच आईने ठेवलेला असतो. म्हणजे जिऱ्याचे पहिले भांडवल आईकडून आलेले. उपाशी, रोगट मादीचे जिरे स्वस्त मिळाले म्हणून आणणारा काय विकत घेतो, ते यावरून ध्यानात यावे.

हा हार्मोन पिल्लाला ‘मोठे’ करत नाही, ‘पक्के’ करतो. हा फरक ज्याला कळला त्याला बाटलीवाला फसवू शकत नाही. १९१२ साली गुडरनाच नावाच्या संशोधकाने बेडकाच्या पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. पिल्लांचे बेडूक झटपट झाले, पण माशीएवढे! १९८५ साली जपानच्या इनुई आणि मिवा यांनी चपट्या माशावर, म्हणजे आपल्या कोकणातल्या लेपीच्या भाईबंदावर, हेच पाहिले. थायरॉक्सिन दिले तर पिल्लू लवकर चपटे झाले. ग्रंथीचे काम औषधाने बंद केले तर ते नुसते लांबत राहिले, मासा झालेच नाही. अशा माशांच्या जठरातल्या पाचक ग्रंथी तयार होण्यालाही हाच हार्मोन लागतो, हे पुढे दिसून आले.

फायदा कधीच दिसला नाही असे नाही. सिंगापूरच्या लाम यांनी १९८० साली तिलापियाच्या पिल्लांना थायरॉक्सिनच्या पाण्यात ठेवले तेव्हा बलक लवकर जिरला आणि पिल्ले जास्त जगली. पण मात्रा वाढली की कल्ले वाकडे, कणा वाकडा, अशी पिल्ले निघाल्याचेही प्रयोग आहेत. प्रयोगशाळेत मोजलेली मात्रा आणि तळ्यात ओतलेली अर्धी बाटली यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वाकड्या कण्याची बोटुकली कोणती मच्छीमार संस्था घेईल?

पचनाची बाब आमच्या लातूरकर व्यापाऱ्यांनी खास वाचावी. कटला-रोहूला जठरच नसते. प्रथिने पचवण्याचा सगळा भार आतड्यातल्या ट्रिप्सिन वगैरे रसांवर. लातूर ही सोयाबीनची मोठी पेठ, त्यामुळे स्वस्त भरडा हाताशी असतो आणि कोणी तोच पिल्लांना टाकतो. कच्च्या सोयाबीनमध्ये नेमके ट्रिप्सिनला अडवणारे द्रव्य असते. पिल्लू खाते पण अंगी लागत नाही, आणि मालक म्हणतो हार्मोन कमी पडला! उष्णतेने हे द्रव्य बरेचसे मोडते, म्हणून नीट भाजलेली डीओसी चालते, कच्चा भरडा नाही. मोहरीच्या पेंडीत तर थायरॉइडच्याच कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, ही जुनी रीत वाईट नाही. त्यात सुकटीची थोडी कुटी पडली तर समुद्रातले आयोडीनही येते.

आयोडीनची एक हकीकत ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ट्राऊट हॅचरीत माशांच्या गळ्याला गाठी येत. काही तज्ज्ञांनी त्याला कॅन्सर ठरवले. डेव्हिड मरीन यांनी १९१०-११ च्या सुमारास दाखवले की हा साधा गलगंड आहे. पाण्यात किंचित आयोडीन घातले की गाठी उतरतात. याच मरीन यांनी १९१७ पासून ॲक्रन गावच्या शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळला. आज आपल्या किराणा दुकानात जे आयोडीनचे मीठ आहे, त्याचा रस्ता माशांच्या हौदावरून गेलेला आहे.

उपासमारीनेही माशाच्या रक्तातला हा कामाचा हार्मोन उतरतो. आंध्रात बोटुकली मुद्दाम दाटीत, अर्धपोटी ठेवून पुढल्या साली मोकळ्या तळ्यात सोडतात आणि ती झपाट्याने वाढते, हे खरे. पण ती तयार बोटुकली असते. जिऱ्यावर हा प्रयोग करू नये. शंभरातली तीस-चाळीस टिकली तरी लोक पुष्कळ मानतात, तिथे उपाशी ठेवून काय वाचवणार?

लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. नांदेडहूनही ते फार लांब नाही. पेंडीचा नमुना घेऊन तिथे विचारून यावे. बाटली घेतलीच असेल तर तीही सोबत न्यावी आणि तिच्यावर आत काय आहे, किती आहे, हे लिहिले आहे की नाही, ते जाणकाराकडून वाचून घ्यावे.