सोबतीला आलेला टोटोरो

लहान मुलांच्या सिनेमात भुतंखेतं दिसली की आपण आधी रिमोट शोधतो. ‘रात्री घाबरून उठेल’ हे आपलं ठरलेलं वाक्य! पण ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी कार्टून सिनेमा पाहिला आणि वाटलं, हा आपल्या घराघरात पाहायला हवा. हायाओ मियाझाकी यांचा हा सिनेमा १९८८चा. आपल्याकडे तो २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मी भाचीबरोबर पाहिला. बोलणं जपानी, खाली इंग्रजी ओळी पळतायत, भाची वाचून सांगतेय. पण थोड्या वेळाने तिने वाचणं सोडून दिलं, तरी माझं काही अडलं नाही. इतकं ते सगळं ओळखीचं.

गोष्ट १९५०च्या दशकातली. सात्सुकी आणि चार वर्षांची मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई दूरच्या दवाखान्यात आहे. घरात काजळीचे इवलेसे गोळे पळत असतात. शेजारची म्हातारी आजी सांगते, लहानपणी मलाही दिसायचे बरं का! घरामागे कापराचं अजस्र झाड, आणि त्याच्या पोटात राहतो टोटोरो. केसाळ, गुबगुबीत, अस्वलाएवढा. कापराच्या जागी आपला महू ठेवा, झालं सातपुड्यातलं गाव!

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अशा सोबत्यांची काय कमी आहे? गावाच्या शिवेवर वाघदेव उभा असतो. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेला नव्या धान्याच्या टोपल्या जातात. आणि धडगावकडचा अस्तंबा तर दिवाळीत यात्रेकरूंनी गजबजतो. तिथे अश्वत्थामा राहतो, कपाळावरची जखम घेऊन डोंगरात फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो, असं आमची आजी सांगायची.

मी नऊ वर्षांची असताना आई दोन महिने धुळ्याच्या दवाखान्यात होती. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९८मध्ये झाला. मोठा दवाखाना म्हणजे धुळं. वडील डबा घेऊन एसटीने जायचे. मला कुणी काही सांगायचं नाही, आणि मी विचारायचे नाही. रात्री मात्र न चुकता ओट्यावर वाटीत चमचाभर तेल ठेवायचे, अश्वत्थाम्यासाठी. सकाळी वाटी रिकामी. ते तेल आजीच्या फोडणीत जायचं, हे मोठेपणी कळलं! पण त्या दोन महिन्यांत माझ्या हाताला रोज एक काम होतं. कुणाचं तरी दुखणं मी कमी करत होते. त्या वयात ते फार मोठं होतं.

म्हणूनच सिनेमातला बस थांब्याचा प्रसंग पाहताना घसा दाटून आला. अंधार पडलाय, पाऊस कोसळतोय, बाबांची बस येत नाही. पाठीवर पेंगुळलेल्या मेईला घेऊन सात्सुकी छत्री धरून उभी. शेजारी हळूच टोटोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर फक्त एक पान! ती त्याला बाबांसाठी आणलेली छत्री देते, तो तिला बियांची पुडी देतो. बस. संकट टळत नाही, चमत्कार होत नाही. फक्त तिची वाट पाहणं एकटीचं राहत नाही.

आणि इथेच हा सिनेमा मला फार शहाणा वाटला. टोटोरो आईला बरं करत नाही! आईचं दुखणं डॉक्टर पाहतात. आपल्या शेतातलं ताजं खाल्लं की आई बरी होईल, असं शेजारची आजी सांगते, म्हणून छोटी मेई मक्याचं कणीस कवटाळून एकटीच दवाखान्याकडे निघते, हरवते. टोटोरोच्या मदतीने बहिणी आईच्या खिडकीपर्यंत पोचतात आणि कणीस ठेवून परततात. आई घरी येते, ती शेवटच्या चित्रांत. मियाझाकींच्या स्वतःच्या आईलाही क्षय होता, त्यांचं बालपण तिच्या आजारपणात गेलं. त्यांना ही वाट पाहणं कुणी शिकवायला नको होतं.

आपल्याकडे ही रेघ पुसट होते. दुर्गम पाड्यावरून रुग्णाला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, तेव्हा भगत जवळचा वाटतो. याच सातपुड्यात घरातल्या आजारपणाचा दोष एखाद्या बाईवर ठेवून तिला ‘डाकीण’ ठरवलं गेलं आहे, मारहाण झाली आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. त्यामुळे काही सुशिक्षित घरांनी सगळ्याच गोष्टी ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाहेर काढल्या. वाघदेवही गेला, अश्वत्थामाही गेला. मुलाच्या हाती उरला मोबाइल.

मला वाटतं, निवड करता येते. जी गोष्ट बाईला डाकीण म्हणते, ती आपल्या उंबऱ्याच्या आत नकोच. जी गोष्ट लेकराला अंधारात सोबत देते, झाडापुढे हात जोडायला लावते, ती का टाकायची? सिनेमातले बाबा शिकलेले, विद्यापीठात शिकवणारे. मेई म्हणते, मी टोटोरो पाहिला, तर ते हसण्यावारी नेत नाहीत. मुलींना घेऊन त्या झाडाला नमस्कार करतात. आणि आईची औषधंही चालूच असतात!

ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या आई-बापांची मुलं आपल्या आसपास आजीजवळ राहतात. कुणाची आई बाळंतपणाला गेलेली, कुणाची दवाखान्यात. त्यांच्या आज्यांना भिली, पावरी, अहिराणीतल्या कितीतरी गोष्टी येतात, पण ‘आता कोण ऐकतं?’ म्हणून त्या गप्प बसतात. एकदा विचारून तर बघा. मुलाला ताप आला तर थेट दवाखाना गाठा, त्यात तडजोड नको. पण तिथल्या बाकावर नंबर येईपर्यंत तास-दोन तास बसावं लागतंच ना? तेव्हा मोबाइल न देता, त्याला अस्तंब्याच्या डोंगरावर कोण राहतं ते सांगा.