पाठीवर रोप घेऊन हिंडणारा बेडूक

१९ जून २०२३. कर्नाटकातल्या कारकळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, रस्त्याकडेच्या एका डबक्यात निसर्ग अभ्यासकांना चाळीसेक सोनेरी पाठीचे बेडूक दिसले. त्यातल्या एकाच्या डाव्या कुशीतून इवलेसे भूछत्र उगवले होते. बेडूक जिवंत होता, चांगला हलत होता. छायाचित्रे पाहून कवकतज्ज्ञांनी हे भूछत्र ‘मायसीना’ या गटातले असल्याचे सांगितले. हा गट एरवी कुजक्या लाकडावर वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये ही नोंद एका शास्त्रीय नियतकालिकात आली. अभ्यासकांनी त्या बेडकाला पकडले नव्हते, तो त्याच्या डबक्यातच राहिला.

ते छायाचित्र जगभर फिरले तेव्हा हजारो लोकांना एकच नाव आठवले : बल्बासोर.

पोकेमॉन हा जपानी व्हिडिओ गेम २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आला. त्यात पकडायच्या १५१ ‘पोकेमॉन’ प्राण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बल्बासोर आहे. बेडकासारखे रुंद तोंड, हिरवट-निळे अंग, चार आखूड पाय आणि पाठीवर एक मोठा कंद. जन्मतःच त्याच्या पाठीवर बी असते. ते त्याच्याबरोबर वाढते, पुढे कळी धरते आणि शेवटच्या रूपात भले थोरले फूल होऊन उमलते. जपानी नाव ‘फुशिगीदाने’. त्यात ‘अद्भुत’ आणि ‘बी’ असे दोन शब्द जोडले आहेत.

या खेळाचा जनक सातोशी ताजिरी. टोकियोलगतच्या माचिदा भागात तो वाढला. लहानपणी डबक्यांतून, झाडाझुडपांतून किडे गोळा करण्याचा त्याला भारी नाद. शहर वाढत गेले तशी तिथली शेते गेली आणि तळी बुजली. नव्या मुलांना किडे धरण्याचा तो आनंद मिळावा, या इच्छेतून त्याला हा खेळ सुचला. म्हणजे पडद्यावरच्या या प्राण्यांच्या मुळाशी एक हरवलेले रान आहे.

भोर तालुक्यातल्या सारोळ्याचे रान अजून हरवलेले नाही. पुणे-सातारा महामार्गावरचे हे गाव नीरेच्या काठी आहे. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळची औद्योगिक वसाहत. गावातून पश्चिमेकडे निघाले की मैलामैलाने पाऊस वाढत जातो. पुढे भोर, रायरेश्वराचे पठार, वरंध घाट. उत्तरेला वळले तर वेल्ह्याचे राजगड आणि तोरणा. बल्बासोरच्या जातकुळीतले नमुने याच डोंगरांत आहेत. त्यांना पाय नाहीत, म्हणून मुलांचे तिकडे लक्ष जात नाही, एवढेच.

आधी बल्बासोरचाच प्रश्न. प्राणी आणि वनस्पती एकाच देहात नांदू शकतात का? उत्तर अमेरिकेत ठिपकेवाला सॅलॅमँडर आहे, बेडकाच्याच उभयचर वर्गातला. त्याची अंडी हिरवी दिसतात, कारण त्यांत एक सूक्ष्म शेवाळ राहते. गर्भाच्या उत्सर्जनातले नत्र शेवाळाला मिळते, शेवाळाने तयार केलेला प्राणवायू गर्भाला मिळतो. एवढे जुन्या अभ्यासकांनाही ठाऊक होते. २०१० मध्ये रायन केर्नी यांनी दाखवले की हे शेवाळ गर्भाच्या पेशींच्या आतही शिरून राहते. पाठीवर कंद नसेल, पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या पेशीत हिरवा भाडेकरू आहे, ही गोष्ट कल्पितापेक्षा कमी नाही.

याच खेळात ‘ऑडिश’ नावाचा दुसरा प्राणी आहे. निळा गोल कंद, डोक्यावर पानांचा झुबका. दिवसा तो स्वतःला मातीत पुरून घेतो आणि रात्री चालत सुटतो. वाढला की त्याला असह्य दुर्गंधी येते, आणि अखेरीस रॅफ्लेशियासारखे अवाढव्य फूल. आपल्या सुरणाला यातले चालणे सोडून बाकी सगळे येते. वर्षातला मोठा काळ तो मातीत निजलेला असतो. पावसाच्या तोंडावर पान नसताना आधी फूल बाहेर पडते, तपकिरी-जांभळे आणि कुजक्या मांसाच्या वासाचे. ते स्वतःहून तापते. ऊब मिळाली की वास लांबवर पसरतो आणि मेलेले जनावर समजून भुंगेरे येतात. तळाची मादी फुले आधी तयार होतात, वरच्या नर फुलांचे पराग नंतर सुटतात. त्यामुळे आलेला भुंगेरा आधीच्या फुलाचा पराग इथे उतरवतो आणि इथला घेऊन पुढे जातो.

सुरणाचा रानातला भाऊ शेवळा. पहिल्या पावसात बायका शेवळाच्या जुड्या बाजारात आणतात आणि सोबत काकडाची फळेही विकायला ठेवतात. काकडाशिवाय शेवळाची भाजी केली तर घसा खवखवतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हे या कुळाचे हत्यार आहे, आणि त्यावरचा उतारा पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात सांभाळलेला आहे. खेळातल्या ‘विषारी’ प्राण्यांची ताकद आकड्यांत लिहिलेली असते. इथे ती जिभेला कळते.

पण या सगळ्यांत खरा नवलाचा गडी सापकांदा. जूनमध्ये जमिनीतून फणा काढलेल्या नागासारखा वर येतो. एकच झाड एका वर्षी नर आणि दुसऱ्या वर्षी मादी असू शकते, ही या वंशातल्या अनेक जातींची रीत आहे. कंद लहान असेल तर झाड नर होते. पराग करायला फारसे काही लागत नाही. कंदात पुरेसा साठा झाला की ते मादी होते, कारण फळे धरणे खर्चाचे काम. फळांनी साठा आटला तर पुन्हा नर. ताजिरीच्या जपानात या वंशातल्या काही जातींचे डाव अधिकच कठोर आहेत. नर फुलाच्या फण्याला तळाशी फट असते, तिथून चिलटे पराग घेऊन निसटतात. मादीच्या फण्याला फट नसते. आत आलेले चिलट पराग देते आणि तिथेच मरते.

कंदीलपुष्प त्या मानाने दयाळू. त्याच्या फुलाची नळी आत वळलेल्या केसांनी भरलेली असते, त्यामुळे माशी आत जाते पण बाहेर येऊ शकत नाही. परागाचे काम झाले की केस सुकतात आणि कैदी सुटतो. सह्याद्रीत या वंशाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या अनेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या वनस्पती उद्यानात त्या मोठ्या कष्टाने जपल्या आहेत. गुराखी यांचे कंद ‘खरपुडी’ म्हणून उकरून खातात. चरणे, वणवे आणि डोंगरफोड यांची भर पडली की उतारच्या उतार रिकामे होतात.

माशा खाणारा घटपर्णीसारखा पोकेमॉनही आहे, ‘व्हिक्ट्रीबेल’. खरी घटपर्णी भारतात फक्त ईशान्येकडे, मुख्यतः मेघालयात आढळते. पण कीटक खाणाऱ्या वनस्पतींसाठी तितके लांब जायला नको. सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर नत्र कमी, म्हणून दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडून ते मिळवते. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये अशा वनस्पतींवर अख्खे पुस्तक लिहिले. शेजारीच सीतेची आसवे निळीजांभळी फुललेली असतात. त्यांच्या मुळांसारख्या भागांवर मोहरीहूनही बारीक पिशव्या असतात. पिशवी आतले पाणी बाहेर टाकते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. दाराच्या केसाला सूक्ष्मजीवाचा स्पर्श झाला की दार उघडते आणि भक्ष्य आत खेचले जाते. पाण्यातल्या जातींवर झालेल्या मोजणीत हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात उरकते. पोकेमॉन पकडणारा कुठलाही चेंडू एवढा चपळ नाही.

सारोळ्यावरून गडाकडे जाणाऱ्यांनी यंदा जूनमध्ये एक करावे. सापकांद्याचा फणा दिसला तर फोटो काढावा, जागेची खूण ठेवावी, कंद मात्र उपटू नये. पुढच्या जूनला मुलांना घेऊन त्याच जागी जावे आणि आदल्या वर्षीचा नर आता मादी झाला का, ते पाहावे.