जिन्याखालचे न्हाणीघर
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात न्हाणीघराच्या उभ्या भिंतींना टाइल्स लावण्याच्या रीतीचा तपशीलवार विचार झाल्यावर, मुरलेले गवंडीही ज्या जागेपुढे क्षणभर थबकतात त्या जागेकडे, म्हणजे जिन्याच्या उतरत्या स्लॅबखाली साधलेल्या न्हाणीघराकडे, वळणे क्रमप्राप्त आहे. जागेच्या टंचाईमुळे शहरांतील घरांत अशी तजवीज सर्रास केली जाते. परंतु तेथील तिरपी बाजू म्हणजे थोडी कललेली भिंतच, असे समजून तिला भिंतीचाच दस्तूर लागू केला, की काही काळाने टाइल्स सुटू लागतात आणि दोष मात्र नाहक सिमेंटच्या माथी मारला जातो.

खरे कारण भाराच्या दिशेत आहे. उभ्या भिंतीवर टाइलचे वजन भिंतीला समांतर राहून बव्हंशी खालच्या रांगेवर उतरते. याउलट जिन्याचा उतार ३० अंशांचा असेल, तर त्याच्या पोटाला लावलेल्या टाइलच्या वजनाचा सुमारे सात-अष्टमांश जोर तिला पृष्ठापासून ओढून काढण्याच्या कामी लागतो. ९ मिलिमीटर जाडीच्या टाइलचे वजन चौरस मीटरला सुमारे २० किलो भरते. तिच्यामागे २ सेंटिमीटर मसाला थापला, तर टाइलला धरून ठेवण्यासाठी योजलेल्या त्या मसाल्याचेच ओझे तिच्या दुप्पट होते. त्यातून व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषीतच नसल्यामुळे सिमेंटच्या रबडीला तिच्या पाठीत शिरकाव मिळत नाही. म्हणून येथे टाइल लहान व हलकी घ्यावी आणि ती पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्हच्या पातळ थरानेच बसवावी.

स्लॅबचे गुळगुळीत पोट छिन्नीने खडबडीत करून, धूळ झाडून आणि वॉटरप्रूफिंगचा लेप पुरता वाळल्यावर, दातेरी थापीने अ‍ॅडेसिव्हच्या रेघा एकाच दिशेने ओढाव्यात, टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्यावा आणि टाइल दाबताना रेघांना आडवी किंचित सरकवावी, म्हणजे रेघा मोडून मधली हवा निघून जाते. पहिल्या दोन-तीन टाइल्सपैकी एक लागलीच उचकटून पाहावी. तिची पाठ कोपऱ्यांसकट माखलेली नसेल, तर गवंड्याचा हात तेथेच सुधारून घ्यावा. सर्वांत खालच्या रांगेला, ती घट्ट होईपर्यंत, लाकडी पट्टीचा टेकू असावा. बाजूच्या भिंतीवरील आडव्या सांध्यांशी उतारावरचे सांधे जुळविण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण भिंतीवर ३० सेंटिमीटर चढणारी रांग अशा उतारावर ६० सेंटिमीटर अंतर व्यापते.

राहिला प्रश्न पाण्याचा. उताराच्या पोटावर जमलेला थेंब बहुधा तेथेच न गळता पृष्ठाला चिकटून खाली सरकत जातो. परिणामी सर्वाधिक ओल त्या सांदीत साचते, जेथे पुसणाऱ्याचा हात सर्वांत कमी पोहोचतो. शिवाय स्लॅब आणि भिंत यांचे आकुंचन-प्रसरण सारखे नसल्याने तेथे भरलेल्या ग्राउटला तडा जातो. त्या सांध्यात लवचिक सिलिकॉनच भरावे. त्याहून उत्तम उपाय असा, की सांदी मुळातच सोडून द्यावी: जेथे उताराची उंची मीटरभर राहते, तेथे विटांची आखूड उभी भिंत घ्यावी आणि शॉवर उंच टोकाला, किमान दोन मीटर मोकळी उंची राखून, बसवावा. जागा कमी होईल, हे खरे. परंतु जी जागा पुसता येत नाही, ती न्हाणीघराच्या हिशेबात मुळात धरूच नये.

पुढील लेखांकात न्हाणीघराच्या जमिनीचा उतार आणि जाळीची जागा यांचा विचार करू.