शेकाचे डाग

ग्वाल्हेरची थंडी पडली की घराघरांतून हीटर, शेगड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या बाहेर निघतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या आजीच्या कमरेवर तपकिरी जाळी दिसू लागली. नायटा समजून आम्ही मलम चोळत राहिलो. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "शेक किती दिवस घेताय?" आजी म्हणाली, "चार महिने झाले. रोज रात्री."

या डागांना 'एरिथेमा ॲब इग्ने' म्हणतात, म्हणजे विस्तवामुळे आलेली लाली. चटका बसला की आपण हात मागे घेतो. पण साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअसची ऊब भाजत नाही, उलट बरी वाटते. तीच रोज एका जागी लागत राहिली की आधी लाली येते, मग तपकिरी जाळी उमटते. कधी खाज सुटते, पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

हा आजी-आजोबांपुरता प्रश्न नाही. रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीवर असेच डाग आल्याची नोंद स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २०१० साली केली.

काश्मीरमध्ये फेरनाच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षे अशी ऊब घेणाऱ्या काहींना मांडीवर किंवा पोटावर त्वचेचा कर्करोग झालेला आहे. असे क्वचितच होते. पण जुन्या डागावर गाठ आली किंवा न भरणारी जखम झाली, तर लगेच दाखवा.

उपाय साधा आहे: ती ऊब थांबवणे. फिके डाग काही महिन्यांत जातात, जुने राहूही शकतात. लॅपटॉप टेबलावर ठेवा, हीटरपासून लांब बसा, पिशवी टॉवेलात गुंडाळून थोडाच वेळ शेका. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर जास्तच जपा.

डॉक्टरांनी आजीच्या डागांपेक्षा कमरेकडे जास्त लक्ष दिले. मणक्याची झीज निघाली. "तुम्हाला कशाला त्रास," म्हणून ती दुखणे सांगत नव्हती, नुसती शेकत होती. घरात कोणी पिशवी मागितली तर जरूर भरून द्या. पण रोजच मागत असेल, तर जवळ बसून विचारा, "कुठे दुखतंय?"